फिर्यादीची पुढची तारीख

इथल्या कोर्टात मी छत्तीस वर्षं रीडर होतो. रीडर म्हणजे न्यायाधीशांच्या समोर एक पायरी खाली बसून फायली काढणारा आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगणारा माणूस. निकाल साहेबांचा, तारीख माझी. लोक बघायचे साहेबांकडे, पण घाबरायचे मला. रिटायर झालो तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मला कोणी कशाचीच तारीख विचारली नाही.

आता मी अडुसष्टचा आहे. बायको आशालता तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा चिन्मय बंगळुरूला असतो. चांगला मुलगा आहे, फोन करतो, पण फोन ठेवला की घर आणखीच मोठं वाटतं. खरं तर दोनच खोल्या आणि एक ओसरी. सकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ म्हणायचं आणि संध्याकाळी टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसाला ‘गप बस रे’ म्हणायचं, एवढंच माझं दिवसभराचं बोलणं. कधीकधी दूधवाल्याऐवजी त्याचा भाचा यायचा. त्याला अर्धा लिटर हे आधीच ठाऊक असायचं, मग तेवढंही बोलणं वाचायचं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी अपेक्षा आली. पोस्टात नोकरी करणारी, तिशीची मुलगी, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. रस्त्यावरची जखमी कुत्री-मांजरं उचलून आणायचा तिला नाद आहे. तसलाच नाद असलेल्या आठ-दहा जणांचा तिचा एक ग्रुप आहे. हातात भाजीची प्लास्टिकची टोपली होती, वरून ओढणी बांधलेली आणि आतून एकसारखं रडगाणं चाललेलं.

“काका, तुमाले सुई टोचता येते म्हणून प्रेमलालभैया सांगत होते.”

प्रेमलालचं औषधांचं दुकान आहे. आशालताचं इन्सुलिन नऊ वर्षं मी त्याच्याकडूनच आणलं. सकाळ-संध्याकाळ तिला सुई मीच द्यायचो. स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

“कोणाले टोचाची आहे?” मी विचारलं.

तिने ओढणी सोडली. आत एक राखाडी मांजरी होती. हाडं वर आलेली, कान मात्र चांगले मोठे. बाहेर पडली ती मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवत, म्हातारीसारखी. सरळ माझ्या पाण्याच्या बादलीकडे गेली आणि प्यायला लागली. पीतच राहिली.

“शुगर आहे तिले,” अपेक्षा म्हणाली.

“मांजरीले?”

“हौ काका. मांजरीलेही होते. क्वार्टरमधल्या लोकायची बदली झाली, त्यायनं दार लावलं अन् हिले बाहेर सोडून गेले. नागपूरच्या डॉक्टर वैदेही मॅडम फोनवर सगळं सांगतात. फक्त दिवसातून दोनदा सुई द्याची. पक्कं घर भेटेपर्यंत ठेवा. महिना, दीड महिना. याले फॉस्टर म्हणतात.”

“कोर्टात याले सुपुर्दनामा म्हणतात,” मी म्हणालो. जप्त केलेली गाडी कोर्ट कोणाच्या तरी ताब्यात देतं, सांभाळ म्हणतं, आणि बोलावू तेव्हा हजर कर म्हणतं. असे शेकडो सुपुर्दनामे माझ्या हाताखालून गेले होते. ताब्यात घेणारा मालक नसतो, हे मी लोकांना खडसावून सांगत असे.

ग्रुपवाल्यांनी तिचं नाव मिश्री ठेवलं होतं. शुगरवाल्या जनावराचं नाव मिश्री! या पोरांना अक्कल कधी येणार, देव जाणे. मी तिला फिर्यादी म्हणायला लागलो, कारण ती सदानकदा तक्रार घेऊन उभी असायची. वाटी रिकामी आहे, दार बंद आहे, तुम्ही पेपर वाचता आहात आणि माझ्याकडे लक्ष नाही.

आशालताचा ड्रॉवर मी तीन वर्षं उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला. शुगर मोजायचं मशीन तसंच होतं, फक्त सेल गेलेले. सेल घातले, प्रेमलालकडून नव्या पट्ट्या आणि सुया आणल्या आणि साडेसहाची वेळ ठरली. सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा. आधी तिने खायचं, मग कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, आकडा बघायचा आणि मानेमागची सैल कातडी उचलून दोन युनिट द्यायचे. पहिले आठ दिवस तिने मला ओरबाडून काढलं. नवव्या दिवशी स्वतःच टॉवेलवर येऊन बसली आणि कान पुढे केला. मी तिला ‘हुशार आहेस’ असं म्हणालो. मोठ्याने म्हणालो. माझाच आवाज ऐकून मी चपापलो.

आकडा व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकायचा. त्यात डॉक्टर वैदेही, अपेक्षा आणि मी. सुरुवातीला मी मशीनचा फोटो काढून पाठवायचो. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनीच लिहिलं, “काका, फोटोची गरज नाही. तुमच्याइतकं नीट रेकॉर्ड माझ्याकडे कोणाचंच नाही. नुसता आकडा टाका.” मला फार बरं वाटलं. रिटायर झाल्यानंतर माझ्या रेकॉर्डची अशी तारीफ कोणी केली नव्हती.

सप्टेंबरभर आकडा उतरत गेला. साडेतीनशे, दोनशे नव्वद, दोनशे दहा. तिच्या अंगावर मांस आलं. टाचा उचलून चालायला लागली. एके दिवशी मी कामावरून यावं तसा भाजी घेऊन आलो तर ती खिडकीत चढून बसली होती, माझ्याकडे तोंड करून. मी फाटक उघडण्याआधीच तिची फिर्याद सुरू झाली. भाजीची पिशवी हातात घेऊन मी तिथेच जरा उभा राहिलो. तीन वर्षांत माझ्या घरात माझी कोणी वाट पाहिली नव्हती.

दसऱ्याच्या आधी अपेक्षा उड्या मारतच आली. “काका, घर भेटलं! नागपूरच्या मधुवंती मॅडम. शाळेत टीचर आहेत. त्यायची पहिली मांजर शुगरचीच होती, उन्हाळ्यात गेली. त्यायले सगळं येते. दसरा झाला की घेऊन जाते म्हणतात. सुटले तुमी!”

“बरं झालं,” मी म्हणालो. आणखी काय म्हणणार? अडुसष्ट वर्षांच्या माणसाने, छत्तीस वर्षं ज्याला वकील नमस्कार करत होते त्याने, एका पोरीला काय म्हणायचं? की ही मांजर नेऊ नको, हिच्याशिवाय माझ्याशी बोलायला कोणी नाही?

त्या संध्याकाळी मशीनवर १२६ आले. उत्तम आकडा. मी फोन हातात घेतला आणि लिहिलं ३२६.

एकच आकडा बदलला. एकाच्या जागी तीन. सगळ्या नोकरीत मी रेकॉर्डमध्ये एक काना-मात्रा इकडची तिकडे केली नव्हती, आणि त्या दिवशी ती सहज केली. थोड्या वेळाने डॉक्टरांचं उत्तर आलं: “अरे, अचानक इतकी वाढली? मग प्रवास नको. दिवाळीनंतर बघू.”

मला तारीख मिळाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना देत आलो, आपल्याला मिळाली की कसं वाटतं ते तेव्हा कळलं. फार छान वाटतं. आजचं संकट उद्यावर जातं आणि आज रात्री माणूस पोटभर जेवतो.

मग सवयच लागली. खरा आकडा मी डायरीत लिहायचो, कारण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ग्रुपवर दुसराच टाकायचो. रोज फार वाढवायचा नाही, मध्येच एखादा उतरता टाकायचा, म्हणजे खरा वाटतो. हे शहाणपण कोर्टात बसून आलेलं, दुसरं काय! डॉक्टरांनी तीन युनिट करायला सांगितले. मी ‘बरं’ लिहिलं आणि दोनच दिले. दिवाळीनंतर त्यांनी चार लिहिले. मी ‘बरं’ लिहिलं आणि दोनच दिले. मी काही मूर्ख नव्हतो, खरा आकडा मला ठाऊक होता. मांजरीला कसला धोका नाही, फक्त कागद जरा वाकडा आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

राग मला मधुवंतीबाईंचा यायचा. त्या चिडतच नसत. “काका, घाई नाही. ती बरी होऊ दे, मी थांबते,” असा निरोप दर आठवड्याला यायचा, वर माझी चौकशी. एखादा पक्षकार भांडला की तारीख देताना मनाला काही वाटत नाही. हात जोडून ‘बरं साहेब’ म्हणणारा मात्र जेवताना आठवतो.

एकदा अपेक्षा आली असताना फिर्यादीने जमिनीवरून थेट खिडकीत उडी घेतली.

“एवढी शुगर असून उडी मारते?” अपेक्षा बघतच राहिली.

“हट्टी आहे,” मी म्हणालो आणि चहा टाकायला आत गेलो.

डिसेंबरात चैतराम वारला. चैतराम आमच्या कोर्टाचा चपराशी. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा. त्याचा आवाज पार बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जात असे. तो नदीपलीकडच्या लालबर्ऱ्याचा. तिथे त्याची तेरवी होती आणि मला जाणं भाग होतं. सकाळची सुई देऊन मी तयार झालो. मशीनवर ८५ आले होते, ग्रुपवर ३४० टाकले. किल्ली द्यायला अपेक्षाला बोलावलं.

“संध्याकाळची सुई मी देऊ का?” तिने विचारलं. “तुमीच शिकवली होती न मले गणपतीत. कानाचं तेवढं जमत नाही, पण सुई जमते.”

“काही नको. पाचपर्यंत येतोच मी. चार वाजता वाटीत खाणं टाक अन् जा.”

“अन् नाही आले त?”

“येतो म्हणलं न!” मी खेकसलो.

इथे मला दोन शब्द बोलायचे होते. ‘द्यावी लागलीच तर दोन दे.’ पण दोन म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, डॉक्टरनं तर चार लिहिले आहेत, दोन काहून? मग सगळंच उलगडलं असतं. म्हणून मी ‘येतो’ म्हणालो. तारीखच दिली तिला, पाचची.

तेरवीला पंगत बाराला बसायची ती साडेतीनला बसली. न जेवता उठणं बरं दिसत नाही, आणि चैतरामच्या मुलाने तर माझा हातच धरून ठेवला. फोन मी सकाळीच मुका करून खिशात टाकला होता. बस मिळाली पाच वाजून गेल्यावर. धानाच्या खरेदीचे दिवस. वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती, पोती लादलेले ट्रक, एकही हलत नव्हता. सव्वासहा वाजले. साडेसहा वाजले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी फोन काढला तर अपेक्षाचे पाच फोन येऊन गेलेले. पावणेसात वाजता माझा फोन लागला.

“काका, किती फोन केले! तुमी दिसले नाही म्हणून मी आली. टेन्शन नका घेऊ, सुई देऊन दिली मी, टाइमावर.”

“किती दिली?”

“चार. ग्रुपवर डॉक्टरनं लिहिलं आहे न. मी दोनदा वाचलं.”

सकाळी पंच्याऐंशी होती, त्यावर चार युनिट म्हणजे शुगर पार तळाला जाणार.

“तिनं खाल्लं का?”

“दोन घास. मग सोडलं. आता पलंगाखाली जाऊन बसली आहे. मी आवाज देऊन राह्यली, पण येत नाही बाहेर.”

“बेटा, ऐक. फडताळात मध आहे. तिच्या हिरड्यायले लाव. आत्ताच.”

“मध? काका, सकाळची शुगर तीनशे चाळीस आहे तिची! मध कसा देऊ?”

“मी सांगतो म्हणून दे.”

“तुमी डॉक्टर आहा का? थांबा, मी पहिले मॅडमले विचारते.”

आणि मॅडमही तेच म्हणणार होत्या. त्यांच्यासमोर माझेच आकडे होते. साडेतीनशेच्या मांजरीला मध द्या असं कोणता डॉक्टर सांगेल? माझं नीट ठेवलेलं, तारीफ झालेलं रेकॉर्ड मांजरीच्या आणि मधाच्या मध्ये उभं होतं.

“ते आकडे खोटे आहेत,” मी म्हणालो. पण मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

“काय म्हणलं? ऐकू नाही येऊन राह्यलं!”

“खोटे आहेत आकडे!” मी ओरडलो. “मी खोटे लिहिले! सकाळी पंच्याऐंशी होती! दोन महिन्यांपासून खोटं लिहून राह्यलो मी! दोनच देतो तिले, दोन! तू चार दिले! मध लाव, अपेक्षा, मॅडमले हेच सांग, पण पहिले मध लाव!”

सगळी बस माझ्याकडे वळून बघत होती. पुढच्या सीटवरच्या बाईने मांडीवरचं पोर जवळ ओढलं. फोनमध्ये फडताळाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी बसमधून उतरलो. कंडक्टर म्हणाला, “अंकल, कहाँ जा रहे हो, अभी खुलेगा.” मी ऐकलं नाही. पुलावर ट्रकांच्या आणि कठड्याच्या मध्ये हातभर जागा होती, त्यातून मी चालत सुटलो. गुडघे दुखत होते. खाली नदी होती, अंधारात दिसत नव्हती. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. मी सगळा वेळ तिला हाक मारत होतो, आणि फिर्यादी नाही, मिश्री म्हणत होतो. त्यांनी ठेवलेलं नाव होतं ते. पलंगाखाली तिला अपेक्षा त्याच नावाने बोलावत असेल असं वाटलं म्हणून असेल कदाचित. पूल संपल्यावर एक ऑटो मिळाला.

घरात शिरलो तेव्हा अपेक्षा जमिनीवर बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मांजरी. तिच्या तोंडाला, अपेक्षाच्या बोटांना, ओढणीला, सगळीकडे मध. शेजारी फोन उभा केलेला, त्यात डॉक्टर. माझं मशीन उघडं पडलेलं. डॉक्टरांनी सांगत सांगत तिला कान टोचायला शिकवलं होतं. पहिला आकडा ४१ आला होता, आता ७८ होता. मांजरीचे पाय थरथरत होते, पण डोळे उघडे होते. मी वाकलो तर तिने मला बघून बारीकशी तक्रार केली. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो.

अपेक्षाने माझ्याकडे बघितलं नाही. “पाच मिनिटं उशीर झाला असता त?” एवढंच म्हणाली, तेही मांजरीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायरीतले सगळे खरे आकडे ग्रुपवर टाकले. पानांचे फोटो काढून टाकले, दसऱ्याच्या आधीपासूनचे. दुपारी डॉक्टर वैदेहींचा फोन आला. त्या ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या ओरडल्या नाहीत.

“काका, मी सगळे आकडे बघितले. ऑक्टोबरातच मी तिला एक युनिटवर आणलं असतं. काही मांजरांची सुई पहिल्या दोन-चार महिन्यांत पूर्ण सुटते. हिची कदाचित सुटली असती. नक्की नाही सांगत मी. पण तो काळ आपण घालवला.”

“म्हणजे आता सुटणार नाही?”

“बघू. आता एक युनिटपासून सुरुवात करू.” मग म्हणाल्या, “तुम्ही दोनच देत राहिलात आणि ती दोनवरही कधीकधी फार खाली जात होती. पंच्याहत्तर, ऐंशी. तुम्हाला तो चांगला आकडा वाटला ना?”

“हो,” मी म्हणालो. मला खरंच तो चांगला आकडा वाटला होता. पंच्याहत्तर आले त्या दिवशी मी शिरा करून खाल्ला होता.

तिला कसला धोका नाही, असं मी स्वतःला सांगत होतो ना? होता. रोज होता, आणि तो मीच होतो.

मधुवंतीबाई रविवारी आल्या. नागपूरहून स्वतः गाडी चालवत, सकाळी अकराच्या सुमारास. पन्नाशीच्या, पांढरे केस न रंगवलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांना सगळं सांगितलेलं होतं हे त्यांच्या नमस्कारातच कळलं. जाळीच्या दाराची चांगली टोपली त्यांनी आणली होती, आत जुनी मऊ शाल घातलेली. ती गाडीत नीट बसते का बघायला त्या बाहेर गेल्या. घरात मी आणि अपेक्षा उरलो. आठ दिवस ती रोज दोन वेळा येऊन स्वतः सुई देत होती. मला हात लावू दिला नव्हता. मी फक्त मांजरीला टॉवेलवर धरून बसत असे.

“काका, एक विचारू? तुमाले ती ठेवाची होती न?”

“हौ.”

“मग बोलले काहून नाही?” तिचा आवाज चिरकला. “ज्यानं सांभाळलं त्याचा पहिला हक्क असतो आमच्यात. आमी पहिले त्यालेच देतो. एक शब्द बोलले असते त मी त्याच दिवशी मधुवंती मॅडमले नाही म्हणून सांगतलं असतं. मले वाटे तुमाले तिचा त्रास होऊन राह्यला. तुमची सुटका व्हावी म्हणून धावून धावून घर शोधलं मी!”

छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो: तोंडी चालत नाही, काय पाहिजे ते अर्जात लिहा, सही करा, इथे ठेवा. इतका साधा अर्ज. मी स्वतः तो दिलाच नाही. तारखा मात्र घेत बसलो.

“लाज वाटली,” मी म्हणालो. “मागाची लाज वाटली, बेटा. घरात कोणी नाही न माझ्या. हे कोणाले सांगाचं, अन् कसं सांगाचं?”

ती डोळे पुसत होती. मला वाटलं, आता तरी विचारावं. उशिरा का होईना, एकदा तोंडाने मागावं.

“आता मागतो. देशील का?”

अपेक्षाने मांजरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

“नाही, काका,” ती म्हणाली.

पुष्कळ निकाल मी ऐकले आहेत. काही बरोबर असायचे, काही मनाला पटायचे नाहीत. हा बरोबर होता. मी तिच्या जागी असतो तर हाच दिला असता.

मी फिर्यादीला उचललं. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून शांत राहिली, तिला टॉवेलची वेळ झाली असं वाटलं असावं. गाडीपर्यंत मीच नेलं. टोपलीत ठेवलं, जाळी लावली. मधुवंतीबाई गाडीत बसल्या आणि त्यांनी काच खाली केली.

“डाव्या कानाला टोचा,” मी म्हणालो. “उजव्याला ओरडते.”

त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं.

“पाणी बादलीतलं पिते, वाटीतलं नाही. सुईच्या आधी मानेवर जरा खाजवा. पंखा लावला की घाबरते. मासा दिला तर काटा काढूनच द्या, ती आपण होऊन काढत नाही. दार बंद करू नका, कुठलंच, बाहेरून बंद झालं की ती रडते.”

त्या लिहीत होत्या. घाई करत नव्हत्या. त्यांच्या त्या घाई न करण्याचा मला आता राग येत नव्हता. संध्याकाळी कुठे बसते ते मी सांगितलं. सुईनंतर टॉवेलवरून सोडताना तिच्याशी कसं बोलायचं ते सांगितलं. तिला फिर्यादी म्हटलं की ती ओ देते, तेही सांगितलं. अपेक्षा फाटकाला धरून उभी होती.

“आणखी काही, काका?” मधुवंतीबाईंनी विचारलं. पेन तसंच धरून त्या थांबल्या.

मी पुष्कळ आठवून बघितलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.